पडदा काळा, पण लॅपटॉप जिवंत



या वेळी विषय ठरवला होता वायफायचा, पण मधेच शेजारच्या काकांचा लॅपटॉप आला. म्हटलं आधी हेच लिहावं, कारण यात माझीही चूक आहे.

आम्ही शारजाला अल नहदात राहतो. काका आमच्याच मजल्यावर. २२ वर्षं इथे काढून गाशा गुंडाळून कायमचे सांगलीला निघाले होते. विमान गुरुवारी रात्री. सोमवारी ऑफिसात फोन आला, "अरे, लॅपटॉपचा पडदा काळा झालाय. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, दिसत काही नाही." मी मीटिंगमध्ये. घाईत म्हणालो, "काका, स्क्रीन गेली असेल. जुना आहे, सोडून द्या, गावी नवीन घ्या."

संध्याकाळी कळलं की काकांनी तो दुकानात दाखवला. तिथे ६५० दिरहम सांगितले, वर पासवर्ड मागितला आणि "फॉरमॅट करावा लागेल" म्हणाले. ६५० ऐकून काका जुनं सामान घेणाऱ्याला तो ५० दिरहमला देऊन टाकणार होते. काकू मधे पडल्या म्हणून वाचला! आत काय होतं? ग्रॅच्युइटीचा हिशोब, बँकेची स्टेटमेंटं, सगळ्यांच्या पासपोर्टच्या कॉप्या आणि मुलगी शाळेत जायला लागल्यापासूनचे फोटो. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. माझ्या एका वाक्यावर हे सगळं भंगारात जाणार होतं.

तर मंडळी, पडदा काळा किंवा अगदी अंधुक झाला तर हे क्रमाने करा.

१) आधी फुकटचे उपाय. ब्राइटनेसची बटणं दाबून पहा. बॅटरी सेव्हर आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सेटिंग बंद करा. मोबाईलचं चुंबकवालं कव्हर किंवा चुंबकी पट्ट्याचं घड्याळ कीबोर्डाजवळ असेल तर लांब ठेवा. झाकण बंद झालंय हे बऱ्याच लॅपटॉपना चुंबकावरूनच कळतं, त्यामुळे ते फसतात आणि पडदा विझवतात.

२) चालू करताना कंपनीचा लोगो येतो तोही अंधुक असेल, तर दोष विंडोजच्या सेटिंगचा नसण्याचीच शक्यता जास्त.

३) टॉर्चची परीक्षा. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर पडदा आणि ग्राफिक्स चालू आहेत, फक्त मागचा उजेड गेलाय. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, मागच्या दिव्यावर चालते. ओएलईडी पडद्याला मागे दिवाच नसतो, तिथे ही युक्ती लागू नाही.

४) एचडीएमआयने टीव्हीला जोडा. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोजचं बटण आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. चित्र आलं की दुसरं काही न करता आधी डेटा कॉपी करा. दुरुस्ती नंतर.

५) झाकण हळूहळू पुढेमागे करा. एखाद्या कोनात उजेड आला तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर.

काकांच्या लॅपटॉपवर टॉर्च मारला आणि त्यात चक्क मुलीच्या लग्नाचा फोटो दिसला! काकू म्हणाल्या, "अगंबाई, आहे की सगळं!" टीव्हीला जोडून रात्री दीडपर्यंत दोन पोर्टेबल डिस्कवर कॉपी केलं, एक हातातल्या बॅगेत, एक मुलीकडे द्यायला. झाकण अर्धं मिटलं की उजेड यायचा, पूर्ण उघडलं की जायचा. म्हणजे केबलच.

हा रोग महागड्या यंत्रांनाही होतो. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये झाकण उघडमीट करून केबल झिजायची. मे २०१९ मध्ये कंपनीने त्यासाठी फुकट दुरुस्तीची योजना काढली. २०१८ च्या मॉडेलमध्ये केबल सुमारे २ मिलिमीटरने लांब निघाली. दोन मिलिमीटरचा खेळ!

बुधवारी बर दुबईत खालिद बिन वलीद रस्त्यावर गेलो. समोर बसून केबल बदलून घेतली, मजुरीसकट १२० दिरहम. पासवर्ड दिला नाही, लागलाही नाही.

स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरी सोडवा. बॅटरी जोडलेली असताना पडद्याची केबल काढली-घातली तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो. २०१० च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मागे बारीक ट्यूब आणि तिला शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर असतो, त्याला हात नकोच. आणि ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर जसं पाणी धरतं, तसं लॅपटॉपवरही धरू शकतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग चालू करा. उन्हात गाडीत तर मुळीच ठेवू नका.

गुरुवारी काका निघताना म्हणाले, "फोनवर निदान करत जाऊ नकोस रे बाबा." कबूल आहे. :-)

असो. पुढच्या वेळी नक्की वायफाय. तोवर ज्यांनी बॅकअप घेतलेला नाही त्यांनी आज रात्री घ्या.