माती गेली कोणाच्या गावा?



उत्तरा-हस्ताचा एखादा दांडगा पाऊस आठवा. तासाभरात ओढा फुगतो, पाणी काळंभोर होऊन धावतं. आपण बांधावर उभे राहून म्हणतो, "पाऊस झकास झाला, आता ज्वारीची काळजी नाही." त्या पाण्याबरोबर काय गेलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

हिशेब साधा आहे. एका एकरावरून नखाच्या जाडीइतका, म्हणजे एक मिलिमीटर थर गेला, तर चार घनमीटर माती गेली. ब्रासच्या भाषेत जवळजवळ दीड ब्रास. दहा एकरवाल्याची चौदा ब्रास. कोणी रात्री ट्रॅक्टर लावून एवढी माती शेतातून नेली असती तर आपण काठ्या घेऊन धावलो असतो. पाऊस नेतो तेव्हा आपण त्याला नमस्कार करतो.

ही माती जाते कुठे? ओढ्यातून सीना, माण, भोगावती, तिथून भीमा. हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते. भीमा पुढे विजयपूर, कलबुर्गी ओलांडून रायचूरच्या बाजूला कृष्णेत जाते आणि कृष्णा विजयवाड्याखाली बंगालच्या उपसागराला. भीमाशंकरहून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण सह्याद्रीची उतरण पूर्वेकडे, म्हणून हे पाणी हजाराहून जास्त किलोमीटर चालतं आणि वाटेत आपल्या रानांची साय गोळा करतं.

समुद्राशी पोचल्यावर नदीचा वेग मोडतो. वेग मोडला की ओझं खाली पडतं, आधी जाड वाळू, मग बारीक रेती. चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म की गोड्या पाण्यात ते तरंगतच राहतात; खारं पाणी लागलं की एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाला बसतात. गाळाने नदीचं तोंड बुजतं, म्हणून ती फाटे फोडते. कृष्णा अवनीगड्डाजवळ पुलीगड्डाला अशीच फुटली आणि दोन फाट्यांच्या मधे दिवीसीमा हे बेट झालं. लाटा त्यातली वाळू किनाऱ्याने ओढून नेतात आणि लांब दांडे घालतात. दांड्याच्या आडोशाला चिखल साचतो, तिथे तिवरं उगवतात आणि त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो. कॉलेजच्या पुस्तकात याला त्रिभुज प्रदेश म्हणतात. गेल्या सहा-सात हजार वर्षांत ही जमीन अशी वाढत गेली. आज विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्याखाली सुमारे १३ लाख एकर भिजतं.

कृषी पदवीच्या परीक्षेत मी या प्रदेशाची आकृती काढून पूर्ण गुण मिळवले होते. ती माती कोणाची, हे ना मास्तरांनी सांगितलं, ना मी विचारलं. पुढे एकदा तिकडे गेलो आणि कालव्याच्या कडेचं ढेकूळ हातात घेतलं. काळं, चिकट, वाळल्यावर भेगाळणारं. मंगळवेढ्याच्या रानातलं वाटावं असं. दख्खनच्या काळ्या खडकाची ही लेक सासरी नांदत होती. तिथल्या शेतकऱ्याने ती चोरलेली नाही. आपण तिला हुंड्यासकट पाठवली.

पण आता ती सासरीही पोचत नाही. पुणे, अहिल्यानगर आणि करमाळ्याकडची माती १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीत अडते. उजनीच्या खाली भीमेला मिळणारी आपली माती श्रीशैलम आणि १९६७ च्या नागार्जुनसागरच्या तळाला बसते. १९६६ ते ६९ या काळात कृष्णा वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ समुद्राकडे नेत होती. २००० ते २००५ मध्ये तो ४ लाख टनांपर्यंत खाली आला. गाळाची भर थांबली, पण लाटा थांबल्या नाहीत. किनारा खचतो आहे, खारं पाणी आत शिरतं आहे. नोव्हेंबर १९७७ च्या वादळात याच दिवीसीमेत हजारो माणसं बुडाली होती. अशा ठिकाणी किनाऱ्याचा प्रत्येक दांडा आणि प्रत्येक तिवर म्हणजे ढाल असते.

म्हणजे आपल्या रानात मुरूम उघडा पडला, धरणाची साठवण कमी झाली आणि खालच्या शेतकऱ्याचा किनारा गेला. तिघांचं नुकसान, फायदा कोणाचाच नाही. धरणं नकोत असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, माती पहिल्यांदा अडवायची ती शेतात. धरण ही शेवटची जागा.

आपलं दुखणं नेमकं कुठे आहे? रब्बी ज्वारीचं रान पावसाळाभर वखरून उघडं ठेवलेलं असतं आणि सप्टेंबरचा मोठा पाऊस नेमका त्याच्यावर पडतो. कापसाच्या दोन ओळींतली जमीनही तशीच उघडी. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. त्यातून आलेला उपाय खर्चिक नाही: जुलैतच उतार पाहून सहा किंवा दहा मीटरचे चौकोनी वाफे बांधा, पेरणी उताराला आडवी करा, कापसात कोळप्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा. माती थांबते आणि ओलही खोल मुरते.

मग होत का नाही? मी नोकरीत असताना कागदावर पुरे झालेले बांध पाहिले आहेत. जमिनीवर तिथे घळ होती. दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. पीक विकून देणी भागली की बांधाला पैसा उरत नाही. माती हे भांडवल आहे, आणि तोट्यातला शेतकरी दरसाल ते ओढ्याला लावतो.

२०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तलावातला गाळ न्या, पण वाहतूक तुमची, असं तेव्हा ठरलं. पुढे लहान शेतकऱ्यांसाठी अनुदानाची तरतूद झाली. माझं म्हणणं असं की हा गाळ दान नव्हे, ती आपलीच माती परत येते आहे. तिचं भाडं मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

म्हणून येत्या बैठकीत तीन ठराव मांडावेत. बांध-वाफ्यांच्या कामाचा पैसा मृगाआधी हातात यावा. गाळाच्या वाहतुकीचा खर्च लहान-मोठा न पाहता प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याला मिळावा. आणि झालेल्या बांधांची यादी ग्रामसभेत वाचून, शिवारात जाऊन ताडून पाहावी.

चौथं काम सरकारचं नाही, तुमचं-माझं आहे. पुढच्या पावसात बांधावर उभे राहाल तेव्हा ओढ्याचं पाणी ओंजळीत घ्या आणि रंग पाहा. पाणी निवळ असेल तर पाऊस खरंच झकास झाला.