रजेचे कारण : ससा

गेल्या महिन्यात सातवीच्या एका विद्यार्थिनीचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारण लिहिले होते, "आमच्या सशाचे ऑपरेशन झाले आहे. त्याच्याजवळ कोणीतरी राहणे आवश्यक आहे." खाली वडिलांची सही. स्टाफरूममध्ये हशा पिकला. "मॅडम, उद्या पोपटासाठीही सुट्टी मागतील," असे एक सर म्हणाले. त्या दिवशी घटक चाचणी होती, तरी मी एक दिवसाची रजा मंजूर केली. का केली, ते पालकांना सांगणे मला जरूरीचे वाटते.

वाढदिवसाची भेट म्हणून त्या घरी दोन ससे आले होते. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. तसे नव्हते. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. गल्लीत घरोघरी पिल्ले वाटून झाली. त्यातली किती जगली, हे कोणी विचारले नाही. शेवटी वडिलांनी नराची नसबंदी करवली. निर्णय योग्यच होता, फक्त उशिरा झाला.

माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. प्राणिशास्त्रात आम्हाला सस्तन प्राणी म्हणून ससाच होता. 'खरगोश का पाचन तंत्र' ही आकृती मला आजही काढता येते, ती मोठी अंधनाल अगदी नावासकट! पण त्या आकृतीचा अर्थ मला या मुलीच्या वहीतून कळला. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. तो उलटी करू शकत नाही, म्हणून ऑपरेशनपूर्वी त्याला माणसासारखे उपाशी ठेवत नाहीत. ऑपरेशननंतर काही तासांत त्याने खाल्ले नाही तर आतडे मंदावते आणि जीव धोक्यात येतो. शिवाय ससा दुखणे लपवतो, ओरडत नाही. अंग आखडून कोपऱ्यात बसणे, दात करकर वाजवणे, खाणे सोडणे, एवढ्याच त्याच्या खुणा.

मुलीने वहीत वेळ घालून लिहिले होते : "९ वाजता, काही नाही. १०.३०, कोथिंबिरीचे एक पान. ११.१५, थोडे वाळलेले गवत. १२.४०, चार लेंड्या, लहान." डॉक्टरांनी दिलेले दुखण्याचे औषध किती वाजता दिले, टाके कोरडे आहेत का, हेही होते. पिंजऱ्यातला भुसा टाक्यांना चिकटू नये म्हणून काढून तिने जुना टॉवेल अंथरला होता. प्रयोगवहीत आपण निरीक्षण, नोंद, निष्कर्ष शिकवतो ते याहून वेगळे काय असते?

मात्र माझे दुसरे म्हणणे पालकांना आहे. ही जबाबदारी बारा वर्षांच्या मुलीची एकटीची नव्हे. ससा खेळणे नाही, नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. आणण्याआधी नर-मादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सशांची माहिती असलेला पशुवैद्य आधी शोधावा. इंदूरच्या जवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे विचारणा करता येते. घरातल्या औषधांच्या डब्यातले काही देऊ नये. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले तर सशाचा जीव जाऊ शकतो. आणि ऑपरेशनच्या रात्री जागणारे मोठे माणूस घरात नसेल, तर ससा आणूच नये. पुढच्या वेळी असा अर्ज आला तर मी वडिलांना विचारणार आहे, "आपण ऑफिसातून रजा घेतली का?"

चाचणी त्या मुलीने शनिवारी दिली. ससा बरा आहे, पण मादीपासून अजून वेगळाच ठेवला आहे. नसबंदीनंतरही काही आठवडे नरापासून पिल्ले होऊ शकतात. हेही मला तिनेच सांगितले.