अनुबोधपट आणि वर्गातील जग

बुटीबोरीचा जगाशी असलेला संबंध दाखवून देण्यासाठी नकाशा उघडावा लागत नाही. गावाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे. तेथे तयार होणाऱ्या पॉलिस्टरचा कच्चा माल खनिज तेलातून येतो. दुसऱ्या अंगाला कपाशीची शेते आहेत. अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये अनेक भारतीय वस्तूंवरील जकात 50 टक्क्यांपर्यंत नेली. त्याच महिन्यात, कापड उद्योगाला दिलासा म्हणून, भारत सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क उठविले आणि ही सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढविली. वॉशिंग्टनमधील निर्णयाचे पडसाद असे आमच्या ऐन वेचणीच्या हंगामात उमटले. त्या दिवसांत, खुल्या बाजारातला कापसाचा भाव हमीभावाच्या खाली का, असा प्रश्न मी पदवीच्या वर्गात विचारला. "व्यापाऱ्यांनी पाडला," हे एकच उत्तर आले. उत्तर सर्वस्वी चूक नव्हते. परंतु ते गावाच्या वेशीपाशीच थांबले होते.

हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. 'चालू घडामोडी' म्हणून आपण त्यांच्या हाती जे देतो, ती परिषदांच्या स्थळांची, पुरस्कारांची आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावांची यादी असते. स्पर्धा परीक्षेसाठी ती पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. घटना कळते, पण तिच्यामागची माणसे आणि तिची कारणपरंपरा कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचे एक स्वस्त व हाताशी असलेले साधन म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा अनुबोधपट.

2016 सालचा '4.1 माइल्स' हा सुमारे वीस मिनिटांचा पट पाहावा. ग्रीसच्या लेस्बोस बेटावरील तटरक्षक दलाचा एक कप्तान बुडणाऱ्या निर्वासितांना समुद्रातून वर ओढतो आहे, एवढाच त्याचा विषय. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासूनचे अंतर हेच त्याचे शीर्षक. 'निर्वासितांचा प्रश्न' या दोन शब्दांना पाठ्यपुस्तकात जो अर्थ नाही, तो येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र सीरियात युद्ध का पेटले, युरोपीय देशांची धोरणे काय होती, हे हा पट सांगत नाही. ते सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे. आणि नेमके येथेच आपले पाऊल अडते.

पडदा आहे म्हणून शिक्षण झाले, असे समजण्याची चूक या देशाने पूर्वी केली आहे. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी तिचे वार्तापट आणि अनुबोधपट दाखविणे कित्येक वर्षे सक्तीचे होते. त्यात उत्तम कामही झाले, एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' (1967) हा त्याचा दाखला. परंतु प्रेक्षकाला प्रश्न विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. वार्तापट संपेपर्यंत बाहेर चहा घेणारे प्रेक्षक वडीलधाऱ्यांना आजही आठवतात. आणीबाणीत तर हे माध्यम सरकारी प्रचाराला जुंपले गेले. पुढे 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. हेतू स्तुत्य होता. पण भाषा प्रामुख्याने इंग्रजी. ज्या ग्रामीण विद्यार्थ्याला त्याची सर्वाधिक गरज, तोच त्यापासून दूर राहिला.

या दोन अनुभवांचे सार एवढेच की, पटाइतकाच वेळ चर्चेला हवा आणि ती चर्चा मराठीत हवी. प्रस्तुत लेखकाने वर्गात मिका पेलेड यांच्या 'बिटर सीड्स' (2011) या विदर्भातील कापूस उत्पादकांवरील पटाचा वीस मिनिटांचा भाग दाखविला. त्याचा रोख बीटी बियाणे, त्याचा खर्च आणि कर्ज यांवर आहे. दिवे लागताच मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्याकडं बियाणं तेच, पण विहीर आहे म्हणून भागते." एका वाक्यात त्याने सिंचनाचा मुद्दा मांडला. भारतात 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसाचा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी किती संबंध, यावर अर्थशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. त्या वादाच्या दाराशी हा विद्यार्थी स्वतःच्या अनुभवाच्या बळावर येऊन उभा राहिला होता. हा पट कोणी काढला, कोणासाठी काढला, कोणाला बोलू दिले आणि काय वगळले, हे चार प्रश्न त्या दिवशी फळ्यावर लिहिले गेले. तेव्हापासून प्रत्येक पटाला आम्ही तेच विचारतो.

अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्रकरण शिकविताना जकातीची व्याख्या लिहून देण्यापेक्षा तिचा परिणाम दाखविणे, हा अभ्यासक्रमच नव्हे काय? दुसरा आक्षेप असा की, मुले दिवसभर मोबाइलवर चित्रफिती पाहतातच. आणखी एक कशाला? उलट, म्हणूनच! युक्रेन असो वा गाझा, खरी-खोटी दृश्ये त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलेली असतात. एकट्याने पाहिलेल्या दृश्याला उलटतपासणी नसते. चाळीस जणांनी एकत्र पाहिलेल्या दृश्याला ती असू शकते.

यासाठी मोठ्या योजनेची प्रतीक्षा नको. महाविद्यालयांनी महिन्यातून दोन तासिका राखून ठेवाव्यात. विद्यापीठाने निवडक पटांची यादी आणि त्यांसोबत मराठी टिपणे पुरवावीत. फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा जुना संग्रह महाविद्यालयांना मराठी निवेदनासह सुलभपणे मिळावा. ज्या मुलाच्या घरचा कापूस जगाच्या बाजारात तोलला जातो, त्याला तो काटा कोणाच्या हाती आहे हे पाहण्याचा अधिकार आहे.