सायकलस्वाराच्या सोबतीची गाडी

एका भगिनीने विचारले आहे, “मुलगा जुलैत मनालीहून लेहला सायकलने निघाला आहे. त्याचे मामू गाडी घेऊन सोबत जाणार आहेत. मामूंनी काय काय घ्यावे?” यादीही त्यांनी दीड पानभर जोडली आहे, त्यात चकली आणि बामसुद्धा आहे. सामान ठीकच आहे. पण या रस्त्यावर सामानापेक्षा मुक्कामाचा प्रश्न मोठा, आणि तो मामूंनीच सोडवायचा आहे.

रोहतांग (३९७८ मीटर) ओलांडून लाहौलमध्ये उतरले की केलांग, जिस्पा ही गावे ३१००-३२०० मीटरवर येतात. पुढे बारालाचा ला जवळजवळ ४९०० मीटर आणि त्यापलीकडे सरचू, साधारण ४३००. फसगत होते ती सरचूला. उंचीचा त्रास वाढला की रुग्णाला खाली नेणे हाच खरा इलाज. सरचूहून मागे फिरावे तर पुन्हा बारालाचा चढायचा, पुढे जावे तर पाच हजार मीटरवरचा लाचुंग ला. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचे! पुढच्या पांगलाही तीच कथा.

म्हणून मुलगा पुढे जाण्याजोगा आहे की नाही, हे बारालाच्याच्या अलीकडेच ठरवावे. जिस्पाला दोन रात्री, मग पत्सियो किंवा झिंगझिंगबार. तिथून गाडी सरळ खाली येते. एक दिवस वाया गेला म्हणून मुलगा चिडेल. चिडू द्यावे.

रोज सकाळी मामूंनी त्याला जेवण गेले का, झोप लागली का, डोके दुखते का, हे विचारावे. भूक मेली, मळमळ सुरू झाली, तर त्या दिवशी चढ नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून ओला खोकला येत असेल, तर रात्र असली तरी त्याला खाली न्यावे. ऑक्सिजनच्या नळकांड्याने थोडा वेळ मिळतो, उतरणे टळत नाही. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी. “मामू थांब म्हणाले की थांबायचे” हा करार घरीच, अम्मीसमोर करून घ्यावा. ४५०० मीटरवर दमलेला तरुण वाद फार घालतो. आणि मामूंनाही तोच त्रास होऊ शकतो, त्यामुळे गाडी चालवणारा आणखी एक जण हवाच.

सायकलच्या मागे गाडी रांगवत नेऊ नये. क्लच जळतो, धूर मुलाच्या नाकात जातो आणि मागे ट्रक खोळंबतात. दहा किलोमीटर पुढे जाऊन मोकळ्या जागी थांबावे. ठरल्या वेळेत तो आला नाही तर मागे यावे. फोनवर भरवसा नको. बाहेरची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात पोस्टपेडलाही रेंज नसते. टांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरावी. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असा तिथला फलक प्रसिद्धच आहे. बर्फ वितळून नाल्यांचे पाणी दुपारी चढते, तेव्हा रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळीच पार करावेत.

खाण्याचे म्हणाल तर सरचूच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, तेव्हा लहान कुकर न्यावा. खजूर, चिक्की, मीठ-साखरेचे पाणी भरपूर. बाकी तंबूतल्या ढाब्यांवर चहा आणि नूडल्स मिळतात.

शेवटचा टांगलांग ला ५३०० मीटरच्या वर आहे. माथ्यावर घामेजलेला सदरा बदलून जाड जाकीट घालायला लावा आणि ब्रेकचे रबर तिथेच तपासा. पुढे रुमत्सेपर्यंत तीसेक किलोमीटर नुसता उतार आहे.