ग्रामसभा तहकूब होते तेव्हा...

पंधरा ऑगस्टची सकाळ. शाळेच्या पटांगणात ध्वजवंदन होते, भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो. त्यानंतर ग्रामसभा भरावयाची असते. परंतु ध्वजासमोर जमलेला गाव तोवर पांगलेला असतो. इतिवृत्ताच्या वहीत 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' अशी नोंद होते आणि राष्ट्रीय सण संपतो. महाराष्ट्रातील अनेक गावांचा हा परिपाठच होऊन बसला आहे.

ही नोंद दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. एकदा सभा तहकूब झाली की पुढील सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. म्हणजे दीड-दोन हजार मतदारांच्या गावातून शंभर माणसे जमली नाहीत, तर काही दिवसांनी दहा-पंधरा जणांनी केलेला ठराव साऱ्या गावाचा ठराव ठरतो. घरकुल कोणाला, नळाची वाहिनी कोणत्या वस्तीला, गटार आधी कोणत्या आळीचे, हे सारे त्यातच येते. मग वर्षभर पारावर बसून पंचायतीला दोष देण्यात काय अर्थ?

या प्रश्नाची चर्चा थेट घटना समितीपर्यंत जाते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गुणगानावर कठोर टीका केली होती. अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांनी ग्रासलेले खेडे घटनेचा पाया होऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींसंबंधीची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली आणि आजचे अनुच्छेद ४० घटनेत आले. त्याला खरे बळ मिळण्यास मात्र ७३वी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पर्यंत थांबावे लागले.

आपल्या प्राचीन ग्रामव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. तामिळनाडूतील उत्तरमेरूरच्या चोलकालीन शिलालेखात, हिशेब न देणाऱ्यास पुन्हा समितीवर येण्याची बंदी कोरलेली आहे. परंतु त्याच लेखात जमीन आणि वेदविद्या यांची अटही आहे. वारसा सांगायचा, तर हिशेबाचा आग्रह उचलावा लागेल आणि माणसे वगळण्याची रीत टाकावी लागेल. बाबासाहेबांच्या टीकेला खरे उत्तर व्याख्यानांतून नव्हे, तर सर्व वस्त्या एकत्र बसलेल्या ग्रामसभेतूनच देता येईल.

निधी नाही, ही सबबही आता फारशी टिकत नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचे अनुदान थेट गावाच्या वाट्याला येऊ लागले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांकरिताच राखून ठेवली. पैसा आला; परंतु त्याचा हिशेब विचारणारा गाव किती ठिकाणी उभा राहिला?

जेथे राहिला, तेथील चित्र वेगळे आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी कूपनलिकांना बंदी हे निर्णय गावाने घेतले आणि पाळले. तेथे पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर कोणती पिके घ्यायची हे ठरते. धुळे जिल्ह्यातील बारीपाडा हे साक्री तालुक्यातील छोटे वनवासी गाव. तेथे वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी शेकडो हेक्टर जंगल राखले. वृक्षतोड करणाऱ्यास गावच दंड करते. पोपटरावांना २०२० मध्ये आणि चैत्रामजींना २०२५ मध्ये पद्मश्री घोषित झाली. हा सन्मान जितका व्यक्तींचा, तितकाच एकत्र बसून घेतलेला निर्णय पाळणाऱ्या गावांचा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही सही ताईंची आणि कारभार पतिराजांचा, हे दृश्य सर्रास दिसते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातील तरतूद अनेकदा कागदावरच पार पडते. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या आपल्या घरांना हे खटकावयास हवे.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण आज पुण्या-मुंबईत आहेत. पण त्यांचे घर, शेत, कुलदैवत गावीच आहे. जत्रेसाठी आपण जातो, तसे वर्षातून एकदा ग्रामसभेसाठीही घरच्यांना आवर्जून उठवावे. गावातील स्वयंसेवकांचे काम त्याहून सोपे आणि त्याहून कठीण आहे. सभेची सूचना फलकावर लागताच ती प्रत्येक वस्तीत वाचून दाखवावी. जमाखर्च मोठ्याने वाचला जाईल असा आग्रह धरावा. आपली घरपट्टी व पाणीपट्टी आधी भरावी आणि मगच प्रश्न विचारावा. सभेत शेवटच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बंधूला आपल्या शेजारी बसवावे. त्याच्या दारापर्यंत नळ पोहोचला का, हा प्रश्न त्याच्याआधी आपण विचारावा.

समरसता याहून वेगळी नसते. परमवैभवाची वाट ग्रामपंचायतीच्या पायरीवरून जाते. येत्या राष्ट्रीय सणाला ध्वजवंदन झाल्यावर आणखी दोन तास थांबण्याचा निश्चय करू या.