तलवार सामुराईची, चामडे कोणाचे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये सध्या पोरांच्या मोबाईलवर जपान आहे. कोणाच्या डीपीला कटाना, कोणाच्या स्टेटसला रक्ताने माखलेला सामुराई. घरातली वडीलधारी म्हणतात, "कार्टून बघून पोरं बिघडली." चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, "हे भांडवलशाहीचे अफू आहे." दोघांनीही मालिका पाहिलेली नसते. न बघता उपदेश करणे हा प्रस्थापितांचा धंदा आहे, आपला नव्हे. म्हणून आम्ही 'ब्लू आय सामुराई' या मालिकेचे आठही भाग सलग पाहिले. पहिल्या पाहण्यात जे जाणवले ते इथे स्पष्ट मांडत आहोत. पटले नाही तर खुशाल वाद घाला. वाद घालायला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

आधी मालिकेविषयी थोडक्यात. ती ३ नोव्हेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आली. पोरे तिला ॲनिमे म्हणत असली तरी ती जपानची निर्मिती नाही. अंबर नोइझुमी आणि मायकेल ग्रीन या अमेरिकेतल्या दांपत्याने ती रचली आणि फ्रान्समधल्या स्टुडिओने ती चितारली. काळ सतराव्या शतकाचा, तोकुगावा घराण्याच्या सत्तेचा. जपानने परकीयांना दारे बंद केली आहेत. अशा देशात एका गोऱ्या पुरुषापासून जन्मलेली, निळ्या डोळ्यांची मिझू वाढते. गावची पोरे तिला राक्षस म्हणून दगड मारतात. ती पुरुषाचा वेश घेते, डोळे रंगीत काचांच्या चष्म्याआड लपवते, एका आंधळ्या लोहाराकडे तलवारीचे काम शिकते आणि तिच्या जन्माच्या वेळी जपानात असलेल्या चार गोऱ्यांना ठार मारायला निघते. त्यांतला एक तिचा बाप आहे. मालिकेत हात तुटतात, मुंडकी उडतात, बर्फ लाल होते. मालिका प्रौढांसाठीच आहे, लहान पोरांनी बघू नये हे आम्हीही म्हणतो.

पण ती आपल्या पोरांना का भिडते? केवळ रक्त बघायला मिळते म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. जन्माबरोबर अंगाला चिकटवलेला कलंक म्हणजे काय, हे आपल्या पोरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. मिझू चष्मा लावते तसे आपल्यातले कितीतरी जण आडनाव लपवतात. भाड्याची खोली बघायला गेल्यावर घरमालक पूर्ण नाव विचारतो, तेव्हा त्याला नाव नको असते, जात हवी असते. मिझूचे डोळे उघडे पडतात तेव्हा समोरच्याचा चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जपानचा इतिहास माहीत नसलेल्या इंदापूरच्या पोराला ही मालिका आपली वाटते, ती याच कारणाने.

मालिकेतली एक गोष्ट तर आम्हाला मनापासून आवडली. तो आंधळा लोहार एईजी मिझूचे डोळे पाहू शकत नाही, म्हणून तो फक्त तिचे हात आणि तिचे काम पारखतो. अतिशुद्ध पोलाद ठिसूळ असते आणि योग्य जागी मिसळलेली अशुद्धताच पात्याला बळ देते, हा त्याच्या शिकवणीचा गाभा. शुद्धाशुद्धतेच्या विचारावर हा सरळ घाव आहे. ज्या देशात सोवळ्याओवळ्यावर अख्खा समाज रचला गेला, त्या देशातल्या पोरांनी एवढे जरी या मालिकेतून उचलले तरी पुष्कळ झाले.

आता वादाचा मुद्दा. पोरांना आम्ही एकच विचारतो, या गोष्टीत आपला माणूस कुठे आहे? सामुराईच्या कमरेला तलवार आहे, अंगावर चिलखत आहे, घोड्यावर खोगीर आहे. त्या चिलखताचे, त्या खोगिराचे चामडे कोणी कमावले? मेलेले जनावर कोणी ओढून नेले, कोणी सोलले? जपानात ही कामे करणाऱ्यांना 'एता' म्हणत. शब्दाच्या लिपीतच अर्थ आहे, घाणीने भरलेला. त्यांच्या जोडीला 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेला. त्यांची वस्ती गावाबाहेर आणि रोटीबेटी बंद. त्यांच्याच वंशजांना आज बुराकुमिन म्हणतात. महारवाडा, चांभारवाडा, मांगवाडा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आठही भागांत ही माणसे नावानिशी आम्हाला कुठे भेटली नाहीत. बहिष्कृतपणाची वेदना मालिकेने घेतली आणि खरे बहिष्कृत मात्र चौकटीबाहेर ठेवले.

मग सामुराई कोण? आपली पोरे त्याला बंडखोर समजतात. इतिहासात तो बंडखोर नव्हता, व्यवस्थेचा पहारेकरी होता. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी उतरंड होती आणि एता-हिनिन त्या उतरंडीच्याही खाली. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली. पुढे तोकुगावांच्या काळात दोन तलवारी लावून मिरवणे हा सामुराईचा जन्मसिद्ध मान ठरला, आणि अपमान केला म्हणून सामान्य माणसाला जागेवर कापण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला. म्हणजे तलवार हे शौर्याचे चिन्ह होण्याआधी जातीचे चिन्ह होते. डीपीला कटाना लावणाऱ्या आपल्या भावाला आम्ही एवढेच सांगतो, तू ज्याचा फोटो लावला आहेस त्याने त्या काळात तुला उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

बाबासाहेबांना हा इतिहास माहीत होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले याची झडती घेणाऱ्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी जपानच्या समाजरचनेचे उदाहरण दिले आहे. राष्ट्र उभे करण्यासाठी सामुराईंनी आपले विशेषाधिकार सोडले, मग भारतातला सत्ताधारी वर्ग आपले अधिकार सोडायला तयार आहे का, असा त्यांचा रोख होता. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी सामुराईच्या तलवारीचे कौतुक केले नाही. तलवार आणि तिच्यासोबतचा मान खाली ठेवण्याचे कौतुक केले. सगळ्यांनी तो आपखुशीने ठेवला असेही नाही. १८७६ मध्ये तलवार मिरवण्यावर बंदी आली, सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे गेले आणि १८७७ मध्ये सात्सुमात नाराज सामुराईंनी बंड केले. गंमत अशी की ज्यांनी अधिकार सोडले त्यांच्यावर कोणी सिनेमा काढत नाही. हॉलिवूडचा २००३ मधला 'द लास्ट सामुराई' बेतला तो या बंडखोरांच्या इतिहासावर. विशेषाधिकारासाठी मरणारा हुतात्मा ठरतो, आणि हक्कासाठी मरणारा दंगेखोर. हे गणित आपल्याला नवीन आहे का?

काही तरुण म्हणतील, मिझू तर बाहेरची आहे, तिने वरच्यांचे शस्त्र हिसकावून घेतले, यात वाईट काय? प्रश्न योग्य आहे. पण मालिकाच त्याचे उत्तर देते. मिझू एकेका नामवंत तलवारबाजाला हरवते. तिचे डोळे निळेच राहतात. ती जितकी जिंकते तितकी लोकांना अधिक राक्षस वाटते. शौर्य सिद्ध केल्याने माणूसपण मिळत नाही, हा या मालिकेचा खरा धडा आहे, आणि तो आपल्या इतिहासात आधीच लिहिलेला आहे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला आपले पूर्वज लढले. स्तंभावर नावे कोरली गेली. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांना अर्ज करावे लागले, आम्ही लढवय्ये आहोत, आम्हाला सैन्यात घ्या. पराक्रम दगडावर कोरलेला असताना हे अर्ज का करावे लागले? कारण जात शौर्याने जात नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला गेले. कोरेगावला त्यांनी स्वाभिमान जागवला. महाडला पाण्याला हात लावताना मात्र त्यांनी कोणापुढे पराक्रमाचा दाखला ठेवला नाही. माणूस आहोत, एवढे पुरेसे होते.

जपानच्या बहिष्कृतांनीही हाच रस्ता शोधला. १८७१ च्या हुकुमाने एता-हिनिन ही नावे कागदावरून गेली, पण १८७३ मध्ये मिमासाका भागात संतापलेल्या शेतकऱ्यांच्या जमावांनी त्यांच्याच वस्त्या जाळल्या, माणसे मारली. तरी त्यांनी मिझूसारखी चार नावांची यादी केली नाही. ३ मार्च १९२२ रोजी ते क्योतोत हजारोंनी जमले आणि 'सुइहेइशा' स्थापन केली. नावाचा अर्थच सपाटी करणाऱ्यांची संघटना, म्हणजे समता. काळ्या झेंड्यावर रक्तवर्णी काट्यांचा मुकुट. जो कलंक म्हणून डोक्यावर ठेवला तोच त्यांनी झेंड्यावर घेतला. आपले महाड त्यानंतर पाच वर्षांनी झाले. या लोकांवर आठ भागांची मालिका का नाही? आणि ते बौद्ध देशातच राहत होते हेही विसरू नका. तिथल्या काही मंदिरांनी त्यांच्या मृतांना दिलेल्या धर्मनावांतही जनावराची अक्षरे घुसवली होती. बुद्धाची मूर्ती असली म्हणजे जात जातेच असे नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी नुसती दीक्षा दिली नाही, बावीस प्रतिज्ञा दिल्या.

आता आपल्या मातीकडे येऊ. कटानाची नक्कल आपल्याकडे कोयत्याने होते. २०२४ मध्ये बारामतीत एका कॉलेजच्या आवारात बारावीच्या पोराचा त्याच्याच बरोबरीच्या पोरांनी कोयत्याने खून केला. अशा वेळी दोष मोबाईलला देणे सोपे असते. आम्हाला ते मान्य नाही. जपानात घरोघरी ही चित्रे बघितली जातात, तिथे पोरे कोयते घेऊन फिरत नाहीत. आपल्याकडे वाढदिवसाचा केक तलवारीने कापणारा 'भाई' गल्लीत असतो, त्याच्या पाठीशी पुढारी असतो आणि पोराच्या हाताला काम नसते. ही सगळी माणसे हाडामांसाची आहेत, चित्रातली नाहीत.

आणि कोयता म्हणजे काय, हे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्यांना तरी सांगायला नको. तो ऊस तोडण्याचे हत्यार आहे. इतकेच नाही, उचल देताना मुकादम नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतो. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. जिथे जिवंत माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, तिथे त्या माणसांच्या बाजूने उभे राहायचे सोडून त्यांचा कोयता रीलमध्ये नाचवायचा? ही मर्दुमकी नव्हे, कष्टकऱ्यांची विटंबना आहे.

यात आणखी एक ढोंग आहे. पुढाऱ्याच्या सत्कारात स्टेजवर तलवार दिली की टाळ्या पडतात. पारध्याच्या पोराच्या झोपडीत कोयता सापडला की तो संशयित. जपानने एता हे नाव रद्द केले त्याच १८७१ मध्ये इंग्रजांनी इथे जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. कायदा गेला, नजर राहिली. शस्त्र कोणाच्या हातात आहे यावर ते शौर्य की गुन्हा हे ठरते. सामुराईच्या जपानात हे ठरत होते, आजच्या पुणे जिल्ह्यातही ठरते. आपल्या पोराने कोयता उचलला तर त्याच्यावर सिनेमा निघणार नाही, गुन्हा दाखल होईल. त्याच्या आईला तारखांना कोर्टात जावे लागेल आणि त्याचे शिक्षण जाईल. व्यवस्थेला नेमके हेच हवे आहे.

आम्ही भाबड्या अहिंसेचे भजन गात नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला फरक सांगितला आहे. मिझूची तलवार गरजेने उपसली जाते आणि इच्छेत बुडते. शेवटी तिच्या आणि फाउलर या गोऱ्या दलालाच्या झुंजीत आग भडकते आणि अख्खे एडो शहर जळते. त्या आगीत मेलेल्यांची नावे मालिका सांगत नाही. ती मजुरांची, मोलकरणींची, गावाबाहेरच्यांची असणार. एकाच्या सूडाची किंमत नेहमी बेनाव माणसे मोजतात. त्याच ग्रंथात अंगुलिमालही आहे. त्याच्याही हातात तलवार होती आणि बोटांची माळ गळ्यात होती. तथागतांनी त्याला ठार केले नाही, थांबवले. आमच्या दृष्टीने सगळ्या सामुराईंपेक्षा ती तलवार खाली ठेवण्याची गोष्ट मोठी आहे.

तेव्हा मित्रांनो, मालिका जरूर बघा. एकटे बघू नका. विहारात, अभ्यासिकेत पाच-दहा जण बसा, बघा आणि नंतर तासभर बोला. चौकटीत कोण आहे हे दिसतेच, चौकटीबाहेर कोणाला ठेवले आहे ते विचारा. एतांबद्दल वाचा, सुइहेइशाबद्दल वाचा, कोरेगावचा स्तंभ आणि चवदार तळे यांतले नाते समजून घ्या. चित्र काढता येणाऱ्या पोरांनी तर याहून पुढे जावे. मेलेले ढोर ओढायला नकार देणाऱ्या आपल्या पणजोबाची चित्रमालिका अजून कोणी काढलेली नाही. तिच्यात रक्त कमी असेल, पण धैर्य सामुराईपेक्षा जास्त असेल. ती काढायला नेटफ्लिक्सची परवानगी लागत नाही. पेन्सिल घ्या आणि सुरुवात करा.

जय भीम!