गळका कार्ब्युरेटर

वडिलांची जुनी पेट्रोल जीप मी अजून ठेवली आहे. महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतल्या, त्याच वंशातली ही. गेल्या दिवाळीत तवंदी घाटात पेट्रोलचा वास आला. मागे मुलं बसली होती. ‘स्क्रू ढिला असेल’ म्हणून मी कार्ब्युरेटर आवळला आणि तसाच निपाणी गाठली.

मिस्त्रीमामांनी बॉनेट उघडलं नि ओरडले, “सर, पेट्रोल सोराकत्तैति! इंजिन तापलंय, आधी पोरं उतरवा!”

गार झाल्यावर त्यांनी आतला पितळी फ्लोट काढून माझ्या कानाशी हलवला. खुळखुळ वाजला. बारीक भोकातून पेट्रोल शिरून फ्लोट जड झालेला. तो तरंगेना, म्हणून नीडल बंद होईना आणि वाटी भरून वाहू लागली. वरून कितीही आवळलं तरी काय उपयोग? नवा फ्लोट, नीडल, वॉशर बसवले. “हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर खराब होतं, तेही बदला,” मामा म्हणाले.

वास आला की गाडी बंद करा, माणसं उतरवा. पाना नंतर.

घरी मी ‘किरकोळ काम होतं’ एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते सौ. आज इथंच वाचेल.